गर्भाशयात फायब्रॉइड आहे, ऑपरेशन केलं तर विश्वास कमी पडला असं होतं का?

जैतुनाची_फांदी

सगळ्यांना जय ख्रिस्त. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ३३, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. पाळी आधीपासूनच जास्त जायची पण गेल्या वर्षभरात तर हद्द झाली, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मोठमोठ्या गाठी पडतात, रात्री उठून पॅड बदलावा लागतो. पाळीतला रविवार आला की मी चर्चमध्ये मुद्दाम शेवटच्या बाकावर बसते, आणि गाणं म्हणायला सगळे उभे राहिले की मी आधी हळूच मागे हात फिरवून बघते मग उभी राहते. सोनोग्राफी केली तर दोन फायब्रॉइड (पिशवीतल्या गाठी) निघाले. एक ५ सेंमीचा, इंट्राम्युरल लिहिलंय. दुसरा २ सेंमीचा, त्याच्यापुढे लिहिलंय की तो एंडोमेट्रियमला (पिशवीच्या आतल्या अस्तराला) आत ढकलतोय. हिमोग्लोबिन ८.४.

एक डॉक्टर म्हणाल्या दोन्ही काढून टाकू. दुसरे म्हणाले वेळ घालवू नका, सरळ आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा. इथपर्यंत ठीक होतं, पण आमच्या प्रार्थना गटात मी हे सांगितलं आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू झाला. एक ताई म्हणाल्या ऑपरेशनला हो म्हणालीस म्हणजे देवाला नाही म्हणालीस. दुसऱ्या एकांनी विचारलं घराण्यात अजून कोणाला आहे का, मी सांगितलं मावशीला होता, तिची पिशवी काढली, तर त्या म्हणाल्या बघ, हा घराण्यातला शाप आहे, आधी तो तोडायला पाहिजे. तेव्हापासून मला रात्री झोप नाही. मिस्टर चांगले आहेत, कधी टोचून बोलले नाहीत, पण ते म्हणतात अजून सहा महिने प्रार्थना करून बघू. सासूबाई काही बोलत नाहीत, नुसता उसासा टाकतात, ते जास्त लागतं.

मला हे कळत नाहीये की फायब्रॉइडमुळेच मूल होत नाहीये का, आणि ऑपरेशन किंवा आयव्हीएफ केलं तर खरंच विश्वास कमी पडला असं होतं का. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा. "प्रार्थना करते" एवढंच लिहू नका, ते खूप जण लिहितात.

---

रात्रपाळी

ताई, मी स्त्रीरोग वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून झाल्यावर तुमच्या डॉक्टरशी बोलाच.

आधी रक्ताचं बोलू. ८.४ हिमोग्लोबिन आणि "अजून सहा महिने" हे एका पोस्टमध्ये वाचूनच मला टोचलं. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, तुमचं बरंच खाली आहे. जिना चढताना धाप लागते का, छातीत धडधड होते का, केस गळतात का, हे सगळं त्यातलंच. मूल, ऑपरेशन, आयव्हीएफ सगळं नंतर, पण रक्त भरून काढायला उद्यापासूनच सुरुवात व्हायला हवी. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देतात, विचारा. आणि रक्तस्राव कमी करायला पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, त्या हार्मोनच्या नसतात, त्यांनी दिवस राहण्याच्या प्रयत्नात अडथळा येत नाही, त्याही विचारा. कोणाला आधी रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तर मात्र देत नाहीत, म्हणून मनाने घेऊ नका.

आता फायब्रॉइड. गर्भपिशवी म्हणजे जाड भिंतीची एक छोटी खोली धरा. फायब्रॉइड भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असेल (सबसिरोसल) तर मूल होण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो, मोठा झाला तर पोट जड वाटेल, लघवीला सारखं जावं लागेल, एवढंच. खोलीच्या आत डोकावत असेल (सबम्युकोसल) तर तो लहान असला तरी त्रास देतो, कारण गर्भ तिथेच रुजायचा असतो. रुजायला अडचण होते, रुजला तर पडायची भीती वाढते, आणि पाळीला पूर येतो तो बहुतेक यानेच. भिंतीच्या आतल्या आत असलेला (इंट्राम्युरल) हा मधला प्रकार, आतली पोकळी वाकडी करत नसेल तर काढून फायदा होतो का यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही.

म्हणजे साइज सगळे विचारतात, जागा कोणी विचारत नाही. तुमचा ५ सेंमीवाला ऐकायला मोठा वाटतो पण मला संशय येतोय तो २ सेंमीवाल्याचा. डॉक्टर याला ० ते ८ नंबर देतात, फिगो टाइप म्हणतात. ०, १, २ हे आत डोकावणारे, त्यापुढे ७ पर्यंत जसा नंबर वाढतो तसा बाहेर. तुमच्या दोघांचे नंबर कोणते हे थेट विचारा. साध्या सोनोग्राफीत कळलं नाही तर पिशवीत थोडं सलाईन सोडून सोनोग्राफी करतात, त्यात पोकळी स्वच्छ दिसते, किंवा हिस्टेरोस्कोपी करून कॅमेऱ्यानेच बघतात. गरज पडली तर एमआरआय.

आत डोकावणारा असेल तर हिस्टेरोस्कोपीनेच खालच्या वाटेने काढतात, पोटावर टाका नाही, बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. भिंतीतला मोठा काढायचा तर दुर्बिणीने नाहीतर पोट उघडून, मग भिंतीला टाके, पुढे तीन ते सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि टाके खोल असतील तर बाळंतपण बहुतेक सिझेरियननेच करतात कारण कळा येताना जुन्या टाक्यावर ताण येतो. चिकटाही होऊ शकतो, म्हणजे आतले भाग एकमेकांना चिकटतात. म्हणून "आहे ना, मग काढून टाकू" हे एवढं सोपं नसतं, आणि "आयव्हीएफ करा" हेही नाही, कारण पोकळीत फायब्रॉइड असताना गर्भ सोडून काय उपयोग, तो आधी काढायलाच सांगतात.

आणि ते शापाचं. फायब्रॉइड म्हणजे स्नायूच्या एका पेशीपासून वाढत गेलेली साधी गाठ, कॅन्सर नव्हे, तो फार फार क्वचित निघतो. इस्ट्रोजेन प्रोजेस्टेरॉनवर ती वाढते म्हणून पाळी गेल्यावर आक्रसते. आई मावशी बहिणीला असेल तर आपल्याला व्हायची शक्यता जास्त, त्याला अनुवंश म्हणतात. पन्नाशीपर्यंत अर्ध्याहून जास्त बायकांच्या पिशवीत लहानमोठा एखादा असतोच, बऱ्याच जणींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. इतक्या बायकांच्या घराण्यांना शाप?

मूल न होण्याचं एकमेव कारण फायब्रॉइड अशी जोडपी थोडीच असतात, शंभरात दोन-तीन धरतात. म्हणून नळ्या उघड्या आहेत का, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) किती, थायरॉइड, आणि मिस्टरांची वीर्य तपासणी, हे झालंय का? तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

---

स्तुतीगान

प्रभूची स्तुती असो. ताई घाबरू नका. माझ्या वहिनीच्या पिशवीत एवढी मोठी गाठ होती, डॉक्टरांनी तारीखही दिली होती, आम्ही सगळ्यांनी उपास धरला, साखळी प्रार्थना केली आणि पुढच्या सोनोग्राफीत गाठ निम्मी झाली होती, ऑपरेशन टळलं. देवाला अशक्य काही नाही. डॉक्टर लोक पैशासाठी घाबरवतात. रक्तस्राव असलेल्या बाईचं शास्त्रात वाचा, वैद्यांनी तिचं सगळं लुटलं, येशूच्या वस्त्राला हात लावला आणि बरी झाली. विश्वास धरा.

---

रात्रपाळी

वहिनींना आराम पडला याचा आनंदच आहे. वय काय होतं त्यांचं? पाळी जायच्या आसपास बऱ्याच जणींची गाठ आपोआप लहान होते, कधी बाळंतपणानंतरही होते. देवाने केलं नाही असं मी म्हणत नाहीये, त्याला काय कुठल्याही वाटेने करता येतं. पण ३३ व्या वर्षी हार्मोन भरात असतात, फायब्रॉइडला खतपाणी मिळत असतं, आणि इथे रक्त ८.४ आहे. वहिनींचं इथे लागू होईल असं धरून चालणार नाही.

---

निवृत्त_पाळक

मुली, मी बरीच वर्षं मंडळीत सेवा केली आहे, अशा कितीतरी बहिणी माझ्यासमोर बसून रडल्या आहेत, म्हणून लिहितो.

वरच्या बंधूंनी रक्तस्रावी स्त्रीचा दाखला दिलाय तो नीट वाचू या. मार्क ५. बारा वर्षांचा रक्तस्राव. लेवीय १५ प्रमाणे ती त्या सगळ्या काळात अशुद्ध, म्हणजे तिचं अंथरूण, बैठक शिवणाराही अशुद्ध. मार्क लिहितो की पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने सोसलं, जवळचं सगळं खर्चलं आणि गुण न येता दुखणं वाढलंच. हे खरं आहे. पण प्रभू तिला काय म्हणाला? वैद्यांकडे का गेलीस असं एका शब्दाने विचारलं नाही. तिच्या बारा वर्षांच्या धडपडीला अविश्वास म्हटलं नाही. उलट भर गर्दीत थांबला, तिला पूर्ण बोलू दिलं, आणि "मुली" म्हणून हाक मारली. तो निघाला होता याईराच्या घरी, त्याची मुलगी मरणाच्या दारात होती, तरी वाटेत थांबला. बाईच्या पाळीच्या दुखण्याला प्रभूने किती वेळ दिला ते बघ. आपण मंडळीत त्या विषयाला दोन मिनिटं देत नाही, आणि दिली तर शाप शोधायला देतो.

शापाबद्दल सांगतो. योहान ९ मध्ये शिष्यांनी आंधळ्याला बघून हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. लूक १ मध्ये जखऱ्या आणि अलीशिबा, दोघंही देवाच्या दृष्टीने नीतिमान, आज्ञा पाळण्यात निर्दोष, असं सहाव्या वचनात लिहिलंय आणि लगेच सातव्यात लिहिलंय की त्यांना मूल नव्हतं. लूकने हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलंय ते उगाच नाही. मूल नाही म्हणजे कुठेतरी पाप आहे हा हिशोब त्याला तिथेच मोडून टाकायचा होता असं मला नेहमी वाटतं.

हन्नाच्या गोष्टीत "परमेश्वराने तिची कूस बंद केली होती" असं आहे, ते वाचून तुझ्यासारख्या बहिणी घाबरतात. पण पुढे वाच. तिला शिक्षा म्हणून बंद केली असं तिथे कुठेही नाही. तिला दोष दिला तो तिच्या सवतीने, पनिन्नाने, आणि ती मंदिरात ओठ हलवत रडत होती तेव्हा ती प्यालेली आहे असं समजला तो एली, म्हणजे खुद्द याजक. तुझ्या गटातल्या बहिणींचा हेतू वाईट नसेल, एलीचाही नव्हता. पण याजकालाही रडणाऱ्या बाईचं दुखणं ओळखता येत नाही असं होऊ शकतं, हे शास्त्रानेच लिहून ठेवलंय.

आणि औषधाचं. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, त्याने प्रार्थना केली, देवाने ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली. इतकं स्पष्ट वचन मिळाल्यावर काय झालं? यशया ३८:२१ बघ, यशयाने सांगितलं अंजिरांचा लेप करून गळवावर बांधा. वचनही आहे आणि लेपही आहे, एकाने दुसरं खोटं पडलं नाही. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला कलस्सैकरांस पत्रात प्रिय वैद्य म्हणतो, आणि तो पौलाच्या बरोबर फिरायचा, त्या पौलाच्या बरोबर ज्याच्या हातून चमत्कार होत होते. त्याच पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिलाच. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

बरं झालेल्या कुष्ठरोग्यांनाही प्रभूने याजकाकडे जाऊन दाखवा म्हणून सांगितलं. त्या काळची तपासणी तीच होती. म्हणून पुन्हा सोनोग्राफी करणं म्हणजे देवाची परीक्षा घेणं नव्हे.

तुझ्या पाळकांना सांग, याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना (वडीलधाऱ्या सेवकांना) घेऊन घरी या आणि तेल लावून प्रार्थना करा. ऑपरेशन थिएटरमध्ये जायच्या आदल्या संध्याकाळीही ती करता येते.

---

मोहरीदाणा

पाळक काका, हन्नाचं तुम्ही लिहिलंत ना, त्यात मला एक अजून जोडायचंय, माझा तर त्या एका ओळीवरच जीव आहे. १ शमुवेल १:१८. ती प्रार्थना करून उठली, जेवली, आणि तिचा चेहरा मग उदास राहिला नाही. तेव्हा अजून दिवस गेलेले नव्हते! तिचा मुलगा शमुवेल नंतर झाला. लोक नेहमी शेवट सांगतात, मधली ही ओळ कोणी सांगत नाही.

ताई, मी यातून गेलेय. माझा आत डोकावणाराच होता, टाइप १. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत, त्यानंतर तो सापडला. हिस्टेरोस्कोपीने काढला. भूल उतरल्यावर खालच्या पोटात पाळीसारखं दुखलं, थोडे दिवस लाल पाणी जात होतं, बस. त्यानंतरची पहिली पाळी आली तेव्हा मी बाथरूममध्ये रडले, कारण एवढी साधी पाळी असते हेच मला माहीत नव्हतं, एवढी वर्षं मी तो पूर म्हणजेच पाळी समजत होते.

पण खरं सांगायचं तर मूल अजून झालेलं नाही. म्हणून मी मंडळीत साक्ष द्यायला उठत नाही, साक्षेला कसा गोड शेवट लागतो आणि माझ्याकडे तो नाहीये. मदर्स डेच्या रविवारी सगळ्या आयांना उभं करतात, मुलं बाकाबाकातून फुलं वाटत येतात, एक लहान मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली आणि मला द्यायचं की नाही तिला कळेना, मागे वळून आईकडे बघायला लागली. आता त्या रविवारी आम्ही दोघं दुसरीकडे उपासनेला जातो, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

तुला एकच सांगते, सगळे रिपोर्ट सगळ्यांना सांगत बसू नको. प्रार्थना गटाला एवढंच सांग की माझं रक्त वाढावं आणि डॉक्टर ठरवायला मदत व्हावी यासाठी प्रार्थना करा. ग्रुपवर सोनोग्राफीचा फोटो टाकलास तर प्रत्येक जण डॉक्टर आणि प्रत्येक जण संदेष्टा होतो. आणि त्या गाठ विरघळवणाऱ्या पुड्या आणि काढे कोणी देईल तर नम्रपणे घेऊन बाजूला ठेव, मी कडू कडू पिऊन बघितलंय सगळं, गाठीला काही फरक पडला नाही, माझं पोट तेवढं बिघडलं.

---

रोझरीवाली

आयव्हीएफचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तुम्ही कुठल्या मंडळीच्या आहात माहीत नाही. आम्ही कॅथलिक, आमच्यात याचं स्पष्ट आहे. १९८७ चं डोनुम विते आणि २००८ चं दिग्नितास पेर्सोने ही व्हॅटिकनची दोन कागदपत्रं आहेत, त्यात आयव्हीएफ मान्य नाही, कारण मूल पतिपत्नीच्या मीलनातून व्हावं, लॅबमध्ये नव्हे, आणि त्यात जास्तीचे गर्भ तयार होतात, गोठवतात, टाकून देतात, प्रत्येक गर्भ म्हणजे जीव. पण हे कोणी सांगत नाही की त्याच दिग्नितास पेर्सोनेमध्ये अडथळा दूर करणारे उपचार, म्हणजे हार्मोनचे उपचार, एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन, बंद नळ्या उघडणं, हे सगळं चालतं असं लिहिलंय. फायब्रॉइड काढणं त्यातच बसतं. तेव्हा आमच्याकडे सुद्धा फायब्रॉइडच्या ऑपरेशनला कोणी फादर अविश्वास म्हणणार नाहीत.

अजून एक, कुणाला डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवायला गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर टीसारखी ती मिरेना सांगितली की कॅथलिक बायका दचकतात. हुमाने विते हे पोपचं पत्र, १९६८, त्यातच आहे की आजार बरा करायला गरजेचे उपचार चालतात, त्यामुळे काही काळ गर्भ राहणार नसला तरी, फक्त तोच हेतू नसावा. माझ्या बहिणीने फादरांना विचारूनच घेतल्या होत्या.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये एकच उत्तर नाहीये, काही जण चालतं म्हणतात पण जेवढे गर्भ सोडायचे तेवढेच तयार करा, उरलेले टाकू नका, असं ठरवून करतात. तुम्हाला करायचं झालं तर हे आधी दोघांनी बसून ठरवा आणि क्लिनिकला लेखी सांगा. सही करायच्या कागदांमध्ये उरलेल्या गर्भांचं काय करायचं हा रकाना असतो आणि तो बहुतेक जण न वाचता भरतात.

---

साधा_माणूस

मी मिस्टरांसाठी लिहितोय, त्यांना वाचायला द्या.

भाऊ, सहा महिने थांबू म्हणताय ते तुम्ही थांबणार आहात, रक्त तिचं जाणार आहे. कडक वाटलं तर माफ करा पण मलाही हे माझ्या मेव्हण्याने असंच तोंडावर सांगितलं होतं.

दुसरं, वीर्य तपासणी करून घ्या. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूने काहीतरी असतंच, एकट्याने नाहीतर दोघांचं मिळून. त्याला ना भूल लागते ना टाके. तरी तीच तपासणी सगळ्यात शेवटी होते. मंडळीत प्रार्थनेच्या यादीत बायकोचं नाव जातं, "बहिणीची कूस उघडावी" म्हणून, नवऱ्यासाठी अशी विनंती मी तरी कधी ऐकली नाही.

आणि हन्नाच्या नवऱ्याने, एलकानाने, तिला विचारलं होतं ना, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का, त्यावर पाळक लोक प्रेमाचा उपदेश करतात, मला मात्र वाटतं त्याने तो प्रश्न विचारायच्या ऐवजी पनिन्नाला गप्प केलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या आईशी तुम्ही बोला, उसाशाचं. ते सुनेने बोलायचं काम नाही.

---

जैतुनाची_फांदी

उशिरा लिहितेय पण सगळं वाचलंय, काही तर दोनदा. मिस्टरांनाही वाचायला दिलं. साधा_माणूस भाऊ, ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले उद्या सुट्टी टाकतो. तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला. सासूबाईंशीही बोलले, काय बोलले मला सांगितलं नाही, पण परवा त्या माझ्याबरोबर शिरेतून लोह द्यायला आल्या होत्या आणि सलाईन संपेपर्यंत शेजारी बसून होत्या.

सलाईन सोडून सोनोग्राफी केली. रात्रपाळी ताई, तुमचा संशय बरोबर निघाला, छोटा टाइप २ आहे, ५ सेंमीवाला टाइप ४, पोकळीला हातही लावत नाहीये. आता डॉक्टर म्हणतात छोटा हिस्टेरोस्कोपीने काढू, मोठ्याला तूर्त हात नको, त्याच्यावर लक्ष ठेवू. नळ्या उघड्या आहेत. आयव्हीएफचा विषय आम्ही दोघांनी सध्या बाजूला ठेवलाय, लागलाच तर रोझरीवाली ताईंनी सांगितलंय तसं आधी बसून ठरवू.

पाळक आणि दोन वडील ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरी येणार आहेत. गटातल्या त्या ताई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. शापवाल्यांनी मात्र फोन केला, म्हणाल्या माझ्या मुलीलाही असंच होतंय, कुठल्या डॉक्टरला दाखवलंस.

रात्रपाळी ताई, काढल्यावर किती दिवसांनी प्रयत्न करायचे? आणि ५ सेंमीवाला तसाच ठेवून दिवस राहिले तर काही होतं का?

---

रात्रपाळी

वाचून बरं वाटलं, सासूबाईंचं तर फारच.

हिस्टेरोस्कोपीने काढल्यावर भिंतीला टाके नसतात म्हणून फार थांबावं लागत नाही, बहुतेक डॉक्टर एक ते तीन पाळ्या जाऊ द्या म्हणतात. टाइप २ चा अर्धाअधिक भाग भिंतीत असतो, कधी एका वेळी पूर्ण निघत नाही आणि दुसऱ्यांदा जावं लागतं, म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे, हे आधीच मनाशी धरून ठेवा. आत चिकटा होऊ नये म्हणून काही देणार आहेत का ते विचारा.

मोठा तसाच ठेवून दिवस राहिले तर बहुतेक जणींचं सुखरूप पार पडतं. पहिल्या तीन महिन्यांत तो थोडा वाढू शकतो, कधी मधल्या महिन्यांत एका जागी खूप दुखतं, रक्तपुरवठा कमी पडून गाठ आतून खराब होते तेव्हा असं होतं, ॲडमिट करून दुखणं थांबवायचं औषध देतात. बाळ आडवं राहणं, सिझेरियनची शक्यता, हे थोडं वाढतं. म्हणून पहिल्याच तपासणीला फायब्रॉइड आहे हे सांगा, आणि दुखलं तर घरी शेकत बसू नका.

लोहाचं एक सलाईन झालं म्हणजे झालं असं नाही, तीन-चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) परत बघा. आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवतात त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, डिस्चार्जच्या गडबडीत तो मागेच राहतो, आमच्याकडे असे कितीतरी पडून असतात. तो आठवणीने आणा आणि फाइलला लावा.